सोळा घरांची पेटी

वाद्य शिकणें आणि वाद्याला शिकविणें या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं कळलें. सतार शिकणाऱ्याचीं बोटें सोलवटतात, बाजाची पेटी शिकणाऱ्याचा हात आखडतो. शिकण्याचे सारे कष्ट माणसाच्या वांट्याला आणि वाद्य आपलें निवांत. परंतु वाद्यांची एक जात अशी आहे कीं, तेथें माणसानें एकदां नीट बसून सांगावें, 'पहिल्या घरांत सा, दुसऱ्यांत कांहीं नाहीं, तिसऱ्यांत गंधार', आणि मग वाद्यानें तें न थकतां, न विसरतां, वीज बंद करीपर्यंत म्हणत राहावें. अशा वाद्याला स्टेप सीक्वेन्सर म्हणतात. आमच्या घरांत त्याला 'मुक्ताची पेटी' म्हणतात. कारण सूर काढणारी चौकोनी वस्तु ती पेटी, याहून निराळें नांव द्यावयाचें माझ्या आईनें साफ नाकारलें.

कल्पना नवी नाहीं. नवव्या शतकांत बगदाद येथें 'बनू मूसा' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या तिघां भावांनीं आपोआप वाजणाऱ्या बांसरीच्या यंत्राचें वर्णन लिहून ठेविलें आहे. फिरणारा दंडगोल आणि त्यावर बसविलेले खुंट हें त्या यंत्राचें मर्म. पुढें बेल्जममधील शहरांच्या मनोऱ्यांत घंटा वाजविण्यासाठीं धातूचीं प्रचंड पिंपें बसविण्यांत आलीं. ब्रूज शहराच्या मनोऱ्यांतील पिंपावर चौकोनी भोकांच्या रांगाच रांगा आहेत. ज्या भोकांत खुंटी बसेल त्याची पाळी येतांच तिची घंटा वाजते. चाल बदलावयाची म्हणजे खुंट्या काढून दुसऱ्या भोकांत पक्क्या करावयाच्या. संगीताच्या संपादनाचा हा प्रकार मला फार आवडतो. चालीवरून हात फिरवावयाचा तर हातांत लेखणीऐवजीं पाना घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात!

विजेनें हे खुंट वितळवून टाकले. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत डॉन बुक्ला आणि न्यूयॉर्क राज्यांत रॉबर्ट मूग यांनीं जीं विजेचीं वाद्यें बांधलीं त्यांत अशा शिकाऊ यंत्रांना मानाचें स्थान होतें. मूगच्या '९६०' या यंत्रांत आठ उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यांत तीन फिरकीचीं बटणें. यंत्र रकान्यामागून रकाना पुढें जातें आणि ज्या रकान्यावर येईल त्यांतील बटण जेवढें फिरविलेलें असेल तेवढा स्वर चढतो. येथें लिहिणें आणि खोडणें निराळें नाहीं. स्वर चढा वाटला, हात पुढें केला, उतरविला. मात्र उद्यां तीच चाल पुन्हां हवी असेल तर चोवीस बटणें कोठकोठें होतीं तें आजच वहींत टिपून ठेवावें लागे. यंत्राला कान होते, स्मरण नव्हतें.

स्मरण असलेलीं यंत्रें जपानांतूनही आलीं. इकुतारो काकेहाशी यांनीं १९७२ मध्यें ओसाका येथें काढलेल्या रोलंड कंपनीनें १९८० सालीं 'टीआर-८०८' हें तालयंत्र आणि १९८१ सालीं 'टीबी-३०३' हें खर्जाचें यंत्र बाजारांत आणलें. या दोघां भावंडांच्या स्वभावांत मोठें अंतर आहे. ८०८ उघड्या मनाचें. त्याच्या पुढ्यांत एका ओळींत सोळा बटणें, प्रत्येकाला आपापला दिवा. ढोलाचा ठोका पांचव्या घरीं हवा तर पांचवें बटण दाबावें, दिवा लागतो. नको असेल तर पुन्हां दाबावें, दिवा विझतो. सबंध आवर्तन एका दृष्टींत मावतें आणि गाण्यांतलें कांहीं न कळणारा मनुष्यही तासाभरांत त्याशीं खेळूं लागतो. ३०३ मात्र अबोल. एका वेळीं एकच स्वर, तेरा लहान पट्ट्यांचा एका सप्तकाचा पट्टा, आवाजाचा रंग बदलणारीं पांचसहा फिरकीचीं बटणें, थोडे दिवे. आणि आपल्या पोटांत काय सांठविलें आहे हें तें केवळ वाजवून सांगतें.

तादाओ किकुमोतो या अभियंत्यानें तें योजिलें तें एकट्यानें गिटार वाजविणाऱ्या गरजू मनुष्यासाठीं. साथीला खर्जाची गिटार वाजविणारा मित्र न मिळाला तर हें यंत्र मिळावें, हा हेतु. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. हेतु सफळ झाला नाहीं. त्याचा आवाज खर्जाच्या गिटारीसारखा मुळींच नव्हता आणि त्याला चाल शिकविणें हें काम चिकाटीचें होतें. सुमारे दहा हजार यंत्रें काढून कंपनीनें १९८४ मध्यें तें बंद केलें. मग तीं यंत्रें जुन्या बाजारांत गेलीं आणि तेथून शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हातीं लागलीं. त्यांपैकीं तिघांनीं 'फ्यूचर' हें नांव घेऊन १९८७ मध्यें 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली. दहा मिनिटांहून अधिक वेळ खर्जांतील तीच एक चाल फिरत राहते आणि तिचा रंग मात्र पालटत जातो. मधेंच ती गुरगुरते, मधेंच पाण्यांतून बोलल्यासारखी होते. एकच स्वर धरून 'आ'चा 'ई' आणि 'ई'चा 'ओ' करणारा गवई आठवावा. त्या तबकडीनें नाचाच्या संगीताचा एक संप्रदायच जन्मास घातला आणि ज्याला गिऱ्हाईक नव्हतें तें यंत्र आज जुन्या सोन्याच्या भावानें विकलें जातें. मुक्ताची पेटी म्हणजे त्याची अलीकडची लहान प्रतिकृति. पण शिकविण्याची जुनी पद्धत तींत राखलेली आहे.

ती पद्धत हाच माझ्या लेखाचा विषय, तेव्हां वाचकांनीं येथें थोडी चिकाटी दाखवावी.

या यंत्राला चाल सांगावयाची ती दोन वेळां सांगावी लागते. पहिल्या वेळीं केवळ स्वर सांगावयाचे; त्यांत काळ नाहीं. सा, ग, रे, ग अशा पट्ट्या एकापुढें एक दाबीत जावें. एखाद्या स्वरावर जोर हवा असेल तर त्याच वेळीं जोराचें बटण दाबावें, एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जावयाचें असेल तर घसरण्याचें. दुसऱ्या वेळीं केवळ काळ सांगावयाचा. त्यांत स्वर नाहीं. येथें तीनच बटणें. एक म्हणतें 'नवा स्वर', दुसरें म्हणतें 'मागचाच लांबव', तिसरें म्हणतें 'गप्प'. सोळा घरांसाठीं सोळा वेळां या तिघांपैकीं एक दाबलें कीं काम संपलें. मग यंत्र स्वरांची वही एका हातांत आणि काळाची वही दुसऱ्या हातांत घेऊन चालूं लागतें. जेथें 'नवा स्वर' असें लिहिलेलें दिसेल तेथें पहिल्या वहींतला पुढचा स्वर उचलतें आणि त्या घरांत ठेवतें.

या द्राविडी प्राणायामाला पुष्कळांनीं नांवें ठेविलीं आहेत. मला मात्र तो प्रथमपासून ओळखीचा वाटला. मी इंग्रजी शिकवितों, परंतु वृत्तांचें वेड मला शाळेंत लागलें तें सुटलें नाहीं; आणि वृत्त म्हणजे तरी दुसरें काय? शब्द यावयाच्या आधींच लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो आणि कवि त्या रिकाम्या घरांत अक्षरें बसवीत जातो. तोटक वृत्ताच्या चरणांत चार सगण, म्हणजे 'लघु, लघु, गुरु' असें चार वेळां. अक्षरें बारा, मात्रा सोळा. मीं पेटीला सांगितलें: नवा, नवा, नवा, लांबव, नवा, नवा, नवा, लांबव. सोळा मात्रा सोळा घरांत तंतोतंत बसल्या आणि कोणतेही बारा स्वर दिले तरी तोटकच वाजूं लागलें. भुजंगप्रयातानें दाद दिली नाहीं, कारण त्याच्या चरणांत वीस मात्रा. त्याला लागून आणखी एक खोली घ्यावी लागते. या शोधाचें कौतुक करावयास त्या दिवशीं घरांत कोणी नव्हतें, हें दुर्दैव.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीवर वाढलेल्या घरांत तर या पेटीची भाषा निम्मी अगोदरच येत असते. त्यांच्या क्रमिक पुस्तकांत स्वर लांबला कीं त्यापुढें आडवी रेघ, पेटींत 'लांबव'. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड असेल तर दोघांवर कमान. पेटींत घसरण्याचें बटण. पण स्वरलिपींत प्रत्येक स्वर आपल्या मात्रेच्या घरांतच लिहिलेला असतो. तेथें मधल्या घरांतला स्वर पुसला तर शेजाऱ्याला धक्का लागत नाहीं. पेटींत लागतो, आणि खरी गंमत तेथेंच आहे.

एक साधें उदाहरण देतों. भूपांतले अकरा स्वर मीं पेटीला दिले: सा ग रे ग प ध सां ध प ग रे. काळाच्या वहींत दुसरें, आठवें आणि चौदावें घर गप्प. सहावें आणि अकरावें लांबविण्याचें. बाकी अकरा घरांत नवे स्वर. चाल ठीक वाजली. नवव्या घरीं धैवत येई, दहाव्या-अकराव्या घरांत तार षड्ज लांबे. मग मीं एकच दुरुस्ती केली: तिसरें घरही गप्प केलें. कागदावर या दुरुस्तीनें एक गंधार गळला असता. पेटींत गंधार गळला नाहीं. तो चौथ्या घरांत जाऊन बसला. त्यानें रिषभाला पांचव्यांत ढकललें, रिषभानें पुढच्या गंधाराला सातव्यांत, आणि ही ढकलाढकल शेवटपर्यंत गेली. नवव्या घरीं आतां पंचम आला. लांबावयाचें भाग्य षड्जाऐवजीं धैवताला मिळालें. आणि अगदीं शेवटचा रिषभ, घरच न उरल्यामुळें, दाराबाहेर उभा राहिला. तो पुसला गेला नव्हता. तिसरें घर पुन्हां बोलकें करतांच सारे स्वर जेथल्या तेथें परतले आणि रिषभही आंत आला.

जोर आणि घसरण हीं स्वरांच्या वहींत लिहिलेलीं असतात, काळाच्या नव्हे; म्हणून स्वर सरकला कीं त्याचा जोरही त्याच्याबरोबर सरकतो. आपण अमुक मात्रेवर म्हणून दिलेला आघात पाहतां पाहतां भलत्याच मात्रेवर जाऊन पडतो. ज्याला हें नको असेल त्यानें आवर्तन थांबवावें, 'पुढें'चें बटण दाबीत एकेक स्वर ऐकत जावें, मनांत मोजावें आणि हवा त्या ठिकाणीं नवी पट्टी दाबावी. पाहण्यासारखें कांहीं नसल्यानें कानांवरच सारी भिस्त. कागदावर दुरुस्ती करणारा मनुष्य एका शब्दाकडे पाहून तो शब्द बदलतो. येथें एका घराला हात लावणाऱ्यानें पंधरा घरांची चौकशी करावी लागते. आमच्या लेखनांत असें होत नाहीं असें मात्र समजूं नये. लेखाचा एक परिच्छेद काढून टाकला म्हणजे पुढचीं सारीं 'म्हणून' आणि 'परंतु' कशीं अधांतरीं लोंबूं लागतात, हें संपादकांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही पेटी माझ्याकडे कशी आली हें सांगितलें पाहिजे. मुक्ता माझी मुलगी. नऊ वर्षें ती माझ्या आईजवळ गाणें शिकली. आई कोल्हापुरांत एका जुन्या गवयांच्या हाताखालीं तयार झाली आणि आयुष्यभर तिनें घरींच शिकवण्या केल्या. तिच्या मतें गाणें ही सकाळीं साडेपांचला सुरू होणारी गोष्ट आहे. मुक्ताला अठरावें लागलें तेव्हां तिला एक तबकडी सांपडली. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वर्षानुवर्षें गिटार आणि इतर वाद्यें वाजविलेले चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं याच ३०३ पेटीवर आणि ८०८ तालयंत्रावर दहा राग बसविले होते: भूपाली, तोडी, ललत, कलावती, मालकंस इत्यादि. शिकागोची तबकडी निघण्याआधीं पांच वर्षें! त्या वेळीं तिकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. २०१० मध्यें ती परदेशांतून पुन्हां निघाली आणि जगभरच्या जाणकारांनीं तोंडांत बोटें घातलीं. सिंग यांना हें कौतुक पाहावयास मिळालें, २०१५ मध्यें ते वारले. मला ती तबकडी आवडते. बढत आणि ठहराव तेथें शोधूं नयेत. पण रागाचे स्वर इतक्या वेगानें आणि इतक्या नेमानें फिरूं लागले म्हणजे त्यांची एक निराळीच झळाळी दिसते, जशी चालत्या गाडीच्या खिडकींतून शेताच्या सऱ्यांची दिसते.

मुक्तानें ती आजीला ऐकविली. आईनें दोन राग शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "स्वर बरोबर आहेत." आमच्या घरांत याहून कडक शेरा नाहीं. पुढच्या सोमवारीं मुक्ता शिकवणीला बसली नाहीं. मग नाहींच बसली. कोणी कोणाला दुरुत्तर केलें नाहीं, कोणी कारण विचारलें नाहीं. फक्त साडेपांचचा तंबोरा एका गळ्यासाठीं लागूं लागला. कांहीं दिवसांनीं मुक्तानें ही पेटी घेतली, कानांत बोंडें घालून ती आपल्या खोलींत वाजवीत बसूं लागली, आणि नोकरीनिमित्त बंगळूरला जातांना ती कपाटांत ठेवून गेली. तिकडे तिनें दुसरी मोठी घेतली आहे. आपली मुलगी तासन्‌तास काय ऐकत होती हें जाणून घेण्याची इच्छा बापाला होणें स्वाभाविक आहे. आणि तें तिला विचारण्यापेक्षां पेटी शिकणें मला सोपें वाटलें, हेंही मध्यमवर्गीय बापाच्या स्वभावाला धरूनच आहे.

मी बोंडें वापरीत नाहीं, कानांत घाम येतो. त्यामुळें माझा भूप आईच्या खोलीपर्यंत जात असे. गेल्या श्रावणांत एका दुपारीं ती काठी टेकीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ ऐकून म्हणाली, "सम कुठें आहे रे?"

मीं पहिल्या घराचा दिवा दाखविला.

"तो पहिला दिवा झाला. मी सम विचारत्यें."

याला उत्तर नव्हतें. सोळा घरें म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा असें मीं मनाशीं धरून चाललों होतों, आणि मोजदादीपुरतें तें खरेंही आहे. पण त्रितालांतली पहिली मात्रा पहिली म्हणून सम होत नाहीं. पंधरा मात्रा चालून तिच्यापाशीं परत यावयाचें असतें म्हणून ती सम होते. पेटीला परत यावयाचें कोठेंच नसतें. सोळावें घर संपलें कीं पहिलें, इतकेंच तिला ठाऊक. मीं सावरून घेण्यासाठीं पहिल्या स्वरावर जोर दिला. आई म्हणाली, "आतां दार वाजवल्यासारखं वाटतं." मग तिनें घसरण ऐकली. या पेटींत दोन स्वरांमधलें अंतर कितीही असो, घसरण ठराविक वेळांत संपते; सावरिषभ काय आणि साधैवत काय, घाई तीच. "ही मींड नव्हे, घसरगुंडी आहे," आई म्हणाली. पण तिनें उठून जाण्याची चिन्हें दाखविलीं नाहींत, आणि थोड्या वेळानें, खिडकीकडे पाहत, विचारलें, "त्या पोरीनं काय वाजवलं होतं यावर?"

मुक्तानें सांठविलेल्या चालींना मीं हात लावला नव्हता. या पेटींत जुन्या जागीं नवें लिहिलें कीं जुनें गेलें. म्हणून माझे सारे प्रयोग रिकाम्या खणांत चालत. तिच्या बहुतेक चाली नाचाच्या होत्या, आणि त्या आईनें देवळाबाहेर ताटकळणाऱ्या माणसाच्या शांततेनें ऐकल्या. मग एक चाल अशी लागली कीं, ती लंगडत आहे असें मला वाटलें. मी पुढची लावणार तों आईचा हात वर झाला. दुसऱ्या हातानें ती पलंगाच्या कडेवर टाळी देत होती: एक, तीन, मग हात उलटा, मग आठ.

"हा झपताल आहे," ती म्हणाली.

मीं तपासलें. मुक्तानें घरांची संख्या सोळावरून दहावर आणली होती. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या घरांतील स्वरांवर जोर होता, आणि सहावें घर, जेथें झपतालाची खाली येते तें, गप्प होतें. दोन, तीन, दोन, तीन. स्वर असे: सां नि ध प ग, मग गप्प, मग रे ग रे सा, त्यांत सां आणि नि घसरते. नऊ वर्षांच्या सकाळी बोंडांच्या आड बसून कोणी पेटींत घातल्या असतील असें मला कधीं सुचलें नव्हतें.

आईचा चेहरा मात्र शिक्षिकेचा झाला. "सगळा भूप, आणि निषाद कशाला घातलान् तिनं? विचार तिला."

"आतां? ती कचेरींत असेल."

"असूं दे."

मीं फोन लावला. मुक्ता घाबरलीच. "बाबा, आजी बरी आहे ना?" मीं प्रश्न सांगितला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललें नाहीं, मग ती हलक्या आवाजांत म्हणाली, "भूप नाहीं तो. शुद्ध कल्याण. उतरतांना निषाद मींडेंतून येतो, आजीनंच सांगितलंय."

फोन आईच्या हातांत गेला. "मींडेंतून येतो, धक्क्यानं नाहीं," ती म्हणाली. "आणि पंचमावर क्षणभर थांबायला नको का? पांचव्या मात्रेपर्यंत धर तो."

"आजी, पांचवं घर लांबवलं तर गंधार पुढं सरकेल. सातव्यावर जाईल, आणि त्याच्यामागं सगळे. आठवीचा जोर नवव्यावर पडेल आणि शेवटचा सा बाहेर राहील."

"सा बाहेर?"

"हो. जागाच उरत नाहीं."

आई विचार करीत होती. तिचा हात पुन्हां कडेवर चालूं लागला; सहावीवर उलटा झाला आणि तेथेंच थबकला. "मग सहावीला गप्प कां बसवलंस? खाली आहे म्हणून?"

"हो."

"खाली म्हणजे रिकामी नव्हे ग. तबल्याचे बोल काय बंद पडतात तिथं? फक्त डग्गा उघडा बोलत नाहीं. गंधार तिथं येऊं दे."

मुक्ता मोजीत असावी, मीही मोजलें. पांचव्या घरीं नवा स्वर नाहीं, त्याऐवजीं पंचम लांबवावयाचा. सहावें घर गप्प होतें तें बोलकें करावयाचें. एक घर गेलें, एक आलें. गंधार सहाव्यावर, रिषभ सातव्यावर, आणि तेथून पुढें सारे स्वर आपापल्या जागीं: आठवीवर जोराचा गंधार, दहावीवर सा. कोणालाही बाहेर उभें राहावें लागत नव्हतें.

"बसतंय, आजी," मुक्ता म्हणाली. "बाबा, माझी चाल पुसूं नका हं. शेजारच्या खणांत उतरवून घ्या आणि तिथं करा."

मीं चाल शेजारच्या खणांत उतरविली. पांचव्या घरीं 'लांबव' दाबलें, सहाव्या घरीं 'नवा स्वर', आणि पेटी सुरू केली. फोन तिच्याजवळ धरावा असें आईनें खुणेनें सांगितलें. तीन-चार आवर्तनें झालीं. कोणी कांहीं बोललें नाहीं, आईचा हात तेवढा कडेवर चालला होता. मग ती फोनकडे वांकून म्हणाली, "लय फार आहे. अर्ध्यावर आण."